परत आलेल्या पत्र्या

मानवतहून स्टेशनाकडे जाणारी सडक जिथे गाव सोडते, तिथे उजव्या हाताला आश्रुबा लोहाराचे दुकान होते. दुकान म्हणजे चार मेढी, त्यांवर कौले, मध्ये ऐरण, एका अंगाला भाता आणि समोर बैल पाडण्यापुरती भुसभुशीत केलेली जागा. तो विळे-खुरपी करी, गाडीच्या चाकांना धावा चढवी. पण गाव त्याला ओळखे ते पत्रीवाला म्हणून. बैलाचा खूर दुभंगलेला असतो. बैलाला आडवे पाडून खुराच्या प्रत्येक नखाखाली लोखंडाची पातळ पाकळी खिळ्यांनी ठोकायची, याला पत्री मारणे म्हणतात. एका बैलाला आठ पत्र्या लागतात.

हे काम आश्रुबा आपल्या घरात शिकला नव्हता. इमामसाब नालबंदाच्या हाताखाली त्याचे सारे तरुणपण गेले. पोलीस ॲक्शनच्या वर्षी इमामसाब बायकामुलांना घेऊन गाव सोडून गेले आणि ऐरण मागे राहिली. आश्रुबाने काही दिवस वाट पाहिली, मग भाता पेटवला. ते कुठे गेले, पोहोचले की नाही, हे त्याने कुणाला विचारले नाही. ज्यांना ते ठाऊक असावे त्यांना विचारण्याचे ते दिवस नव्हते.

उस्तादाने घालून दिलेली एक रीत मात्र त्याने पाळली. मेलेल्या बैलाचे कातडे काढणारा लिंबाजी खुरांच्या पत्र्याही उपटून आणी आणि मोडीच्या भावाने देई. त्या कोपऱ्यात टाकायच्या आणि होळीच्या सुमारास भट्टीत घालून त्यांच्या कड्या-कोयंडे करायचे. "मरे सो बैल की पत्री जीते को नक्को, बेटा," असे इमामसाब म्हणत. कारण त्यांनी सांगितले नव्हते. आश्रुबानेही विचारले नव्हते.

निजामीत ही सडक मुरुमाची होती. विलीनीकरणानंतर पाच वर्षांनी तिच्यावर डांबर पडले आणि कापूस दाबणाऱ्या प्रेसमधून गाठी स्टेशनला नेण्यासाठी मालमोटारी धावू लागल्या. बैलगाड्याही होत्याच. उघड्या खुराचा बैल कठीण सडकेवर फार वेळ चालत नाही. तो आपणहून कडेच्या मातीत उतरतो. पत्री मारलेला बैल मात्र सडकेच्या मध्यावरून ओढतो, ओझे हलके जाते आणि दिवसाकाठी एक खेप जास्त होते. गाडीवानांना हे उमगायला एक हंगामही लागला नाही. दुकानापुढे बैलांची रांग लागू लागली. त्या वर्षी आश्रुबाने मुलीचे, वच्छलाचे, लग्न केले आणि बायकोच्या, पारूबाईच्या, हातात चांदीच्या पाटल्या आल्या.

त्याच हंगामात सडकेवर दोन बैल मोटारीखाली गेले. त्यांच्या पत्र्या लिंबाजीने आणून कोपऱ्यात ओतल्या. होळीला आश्रुबाला उसंत नव्हती; त्या तशाच राहिल्या. पुढच्या हंगामात चार बैल गेले आणि एक गाडीवानही. नव्या पत्र्या टाकताना त्याला दिसले की यंदाचा ढीग जुन्यापेक्षा मोठा आहे. त्याने मध्ये एक वीट उभी केली. तिसऱ्या हंगामाने आणखी एक वीट मागितली. त्या साली नऊ बैल आणि तीन माणसे गेली होती. लोखंड भट्टीत घालायला त्याचा हात धजेना. घातले असते, तर सडकेने किती घेतले हे सांगणारे दुकानात काहीच उरले नसते.

"लिंबाजी," त्याने एकदा विचारले, "बिनपत्रीचे किती मेले रं सडकंवर? ते तर माझ्याकडं येतच न्हाईत."

"बिनपत्रीचा सडकंवर येतोय कशाला, आश्रुबा?" लिंबाजी सहज बोलून गेला. "त्यो बिचारा मातीतूनच चालतोय की."

त्या दिवसापासून रांगेतला बैल पाडताना आश्रुबाचे डोळे कोपऱ्याकडे जात. पण पत्री मारणे त्याने थांबवले नाही. रांग होती, घर होते. आणि आपण नाही म्हटले तर परभणीचा कुणीतरी मारणारच, अशी समजूत त्याने स्वतःची घातली होती.

फौजदार दत्तोपंत अधूनमधून सायकल टेकवून दुकानात बसत. निजामीत फौजदाराला अमीन म्हणत; गावाला ते अजून अमीनसाबच होते. "आश्रुबा, तुझं दप्तर माझ्यापेक्षा बरं," ते कोपऱ्याकडे बघून म्हणत. "माझं निम्मं उर्दूत, ते मला वाचता येत नाही. आणि त्यात बैल धरत नाहीत." प्रत्येक गाडीमागे कंदील टांगावा, असा त्यांनी हुकूम काढून घेतला होता. संध्याकाळचे अपघात त्याने खरेच कमी झाले. सकाळचे वाढत राहिले.

वच्छलाचा नवरा वैजीनाथ मूळचा ताडकळसचा. जातीने लोहार, पण भात्यापुढे बसून त्याचा जीव घुसमटे. त्याने ताडकळसच्या बाजारातून खिलारी जोडी घेतली आणि कापसाच्या हंगामात प्रेसमागच्या एका खोलीत बिऱ्हाड करून तो गाठींची भाडी मारू लागला. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्या सालच्या मार्गशीर्षात तो जोडी घेऊन सासऱ्याच्या दुकानापुढे आला.

"मामा, बैल पाडतो. कासरा धरा."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? पत्र्या मारायच्या. समदे तीन खेपा करायलेत. मी आपला मातीतून घासत दोनवरच."

"दोन बास हायेत, जावईबापू."

रांगेत बसलेला सटवाजी गाडीवान हसला. "आरं आश्रुबा, आमच्या बैलायला मारतूस आन् जावायाला न्हाई म्हंतूस? का पैशे सोडावं लागतेत म्हून?"

रांग हसली. वैजीनाथ हसला नाही. आश्रुबाने त्याला दंडाला धरून कोपऱ्यात नेले.

"ह्यो पैल्या सालचा. ह्यो दुसऱ्या. ह्यो त्याच्या म्होरचा. आन् ह्यो यंदाचा. आजून पूस म्हैना लागला न्हाई. बगा. समदे पत्री मारलेले व्हते. माझ्याच हातच्या हायेत."

वैजीनाथने ढिगांकडे पाहिले. मग सासऱ्याकडे.

"मग दुकान बंद करा की. समद्याच्या कशाला मारता?"

आश्रुबाने घरंगळलेली एक पत्री पायाने ढिगात सारली.

"लोकाचे मेले तर चालतंय, जावाई मेला तर न्हाई. आसंच ना, मामा?"

ते खरे होते. रांगेतले हसणे एव्हाना थांबले होते. वैजीनाथने जोडी वळवली. जाता जाता म्हणाला, "मीबी लव्हाराच्याच पोटचा हाय."

जावयाला चारचौघांत माघारी धाडले, ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. वैजीनाथ सासुरवाडीच्या घरी जेवायला येईनासा झाला. वच्छलालाही त्याने बजावले होते, की बापाच्या दारात जायचे तर तिथेच राहावे. पारूबाईने डोळ्यांना पदर लावला.

"अवो, मारा की त्याच्या पत्र्या. पोरीचा संसार मोडंल."

"पोरीच्या संसारासाठीच न्हाई म्हनायलोय," आश्रुबा म्हणाला. त्याला वाटत होते, की रुसवा संक्रांतीपर्यंत टिकेल आणि बैल तोवर मातीतून चालतील.

एका बाजाराच्या दिवशी वच्छला आईला भेटून गेली. आश्रुबा तेव्हा कोळसा आणायला गेला होता. परतताना त्याला ती सडकेवर दिसली. डोईवर टोपले, टोपल्यावर फडके. "आईनं जवारी दिली," ती म्हणाली आणि थांबली नाही. ओझ्याने तिची मान ताठरली होती. ज्वारी अशी जड कधी झाली, हा प्रश्न त्याला तेव्हा पडला नाही.

पौषात एका सकाळी डांबर दवाने ओले होते. ओढ्याच्या पुलाकडे सडक उतरते, तिथे वैजीनाथची गाडी गाठींनी भरलेली चालली होती. समोरून रिकामी मोटार येत होती. मागून येणाऱ्या सटवाजीने नंतर पंचांपुढे सांगितले, की उताराला ओझ्याचा रेटा आला आणि डावा बैल पुढच्या पायांवर बसला. परत उठायला बघत होता, पण पाय ठरेचना. गाडी आडवी झाली. मोटारीला थांबायला जागा राहिली नाही. बैल जागीच गेला. वैजीनाथ गाठींखाली सापडला. काढला तेव्हा त्याच्यात धुगधुगी होती, स्टेशनाच्या दवाखान्यापर्यंत ती राहिली नाही. उजवा बैल कासरा तुटल्याने वाचला.

तेरावा झाला. वच्छला माहेरी आली होती आणि भिंतीशी बसून असे. लिंबाजी दोनदा दुकानापर्यंत येऊन परत गेला, तिसऱ्यांदा आत आला. त्याच्या हातात किनतानाची पिशवी होती.

"घ्याव्या का न्हाई, कळंना," तो म्हणाला. "म्हनलं, इचारावं."

आश्रुबाने पिशवी हातात घेतली. वैजीनाथने पत्र्या मारून घेतल्या हे त्याला सटवाजीच्या जबानीवरूनच कळले होते. त्याने मनात परभणीच्या कुठल्याशा पत्रीवाल्याला शिव्याही दिल्या होत्या. आता एक पाकळी काढून त्याने उलटी केली. कडेला त्याची स्वतःची खूण होती, छिन्नीचे दोन घाव. खिळ्यांच्या जुन्या भोकांशेजारी नवी भोके पाडलेली होती, वाकडी, घाईने पाडलेली. आणि तळवा आरशासारखा गुळगुळीत होता. नव्या पत्रीच्या खिळ्यांची डोकी वर असतात. ती डांबर धरतात. ही पत्री एका बैलाच्या पायाखाली पूर्ण झिजून मग दुसऱ्याच्या पायाखाली गेली होती. अंगठा तिच्यावरून नुसता सरकला. इमामसाबांनी न सांगितलेले कारण आता त्याच्या हातात होते.

तो कोपऱ्यात गेला. तिसऱ्या विटेमागचा, यंदाचा ढीग खचलेला होता. सावध करण्यासाठी ठेवलेले लोखंड त्याने जावयाला स्वतः दाखवले होते, हाताला धरून.

दुसऱ्या दिवशी त्याने वाचलेल्या बैलाला पाडले. त्याच्याही पायांत त्याच ढिगातल्या पत्र्या होत्या. त्या काढणे भाग होते. कासरा धरायला पारूबाईला हाक मारली, तर वच्छलाच उठून आली. तिने बैलाच्या मानेवर गुडघा टेकला आणि दोरी ओढून धरली, लहानपणी धरायची तशी. आश्रुबाने सांडशीने पहिला खिळा उपटला.

"बा."

"हं."

"मीच नेल्या."

त्याने दुसरा खिळा सांडशीत धरला.

"तुमी दोगं बोलत नव्हता. त्येनी म्हनले, आन, मी घरीच मारतो. पडूनच व्हत्या की त्या. म्हनलं, भांडन तरी मिटंल." बैल फुरफुरला, तिने दोरी आवळली. "झिजलेल्या व्हत्या म्हून घसरला का, बा?"

भट्टीत विस्तव होता. सडकेवरून एक मोटार गेली आणि कौलांवरची धूळ खाली आली. आश्रुबाने पत्री पूर्ण काढली, कडेने बघितली, तळव्याची बाजू आपल्याकडे वळवून घेतली.

"न्हाई," तो म्हणाला.

"खरं?"

"पत्री घसरली आसती तर खिळं वाकलं आसतं. हे बग, सरळ हायेत. त्यो मोटारीला बिचकला. पत्रीचा काई संबंद न्हाई."

"आन घ्या."

"इमामसाबची आन."

वच्छला लोहाराची मुलगी होती. पत्री घसरल्याने खिळे वाकत नाहीत, हे तिने या दुकानात बसून शेकडो वेळा पाहिले असेल. तिने बापाच्या तोंडाकडे पाहिले. मग म्हणाली, "बरं," आणि दुसऱ्या पायासाठी बैलाची बाजू बदलून धरली.

बैल उठून उघड्या खुरांनी मातीत उभा राहिला, तेव्हा आश्रुबाने विटा काढल्या. होळीला अवकाश होता. चारी सालांचे लोखंड त्याने खोऱ्याने भट्टीत ओढले. एकात एक मिसळलेल्या पत्र्या लाल झाल्यावर कुठली कोणत्या हंगामाची, हे त्यालाही सांगता आले नसते.

चैत्रात दत्तोपंत आले. सायकल टेकवून त्यांनी सवयीने कोपऱ्याकडे पाहिले. तिथे लोखंडी कड्यांची माळ टांगलेली होती. जमीन सारवलेली होती.

"दप्तर कुठं गेलं रे?"

"कड्या केल्या, सायेब."

"अरेरे. वरून विचारणा आलीय, दर साली किती वाढ झाली म्हणून. तुझ्या ढिगावरून ताळा घेणार होतो." ते टेकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बरं, आठवत तर असेल. यंदा किती झाले?"

दुकानापुढे नेहमीसारखी रांग होती. हल्ली आश्रुबा आलेल्या प्रत्येक बैलाचे खूर आधी उलटून बघे आणि झिजलेली पत्री गाडीवानाला न विचारता, पैसे न घेता बदली. सटवाजीसुद्धा त्यावर थट्टा करत नसे.

"मी मोजीत न्हाई, सायेब," तो म्हणाला. "लिंबाजी आनतोय, आन् मी भट्टीत टाकतोय."

"आठवत नाही?"

आश्रुबाने तापलेले लोखंड ऐरणीवर घेतले. त्याच्या पाठीमागे भाता एका लयीत चालला होता. भात्याची दोरी वच्छलाच्या हातात होती.

"न्हाई," तो म्हणाला.