साराम्माला चर्चला नेताना

लंडनजवळच्या हॅरोच्या प्रमोदिनीबाई रिटायर झाल्या, पण त्यांच्यातली वॉर्ड सिस्टर काही रिटायर व्हायला तयार नव्हती. सगळी नोकरी स्ट्रोकच्या पेशंटांमध्ये गेलेली. पेशंट उठायला लागला की आपले हात पाठीमागे बांधायचे आणि नुसतं शेजारी उभं राहायचं, ही त्यांची शिस्त. मदत केली की माणूस लाडावतो, असं त्यांचं ठाम मत. नवऱ्याच्या, शशीच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तर घरी आल्या आल्या त्या बिचाऱ्याला आपला चहा आपणच करून घ्यावा लागला, वर बाईंनाही एक कप द्यावा लागला.

तर अशा या बाई फेब्रुवारीत थेट केरळात, आलेप्पीला जाऊन धडकल्या, साराम्मासाठी. दोघींनी एकाच वॉर्डात वर्षानुवर्षं काढलेली, एकमेकींच्या डब्यातलं खाल्लेलं. साराम्मा रिटायर होऊन गावी परतली आणि थोड्याच दिवसांत तिलाच स्ट्रोक झाला. डावी बाजू गेली. आता ती काठी घेऊन घरभर फिरत होती, पण बाहेर पाऊल टाकायचं नाव नाही. मम्मी चर्चलासुद्धा येत नाही म्हणून तिची सून जीना फोनवर रडली. तेव्हा बाईंनी हॅरोतूनच छातीठोकपणे सांगून टाकलं, की येत्या रविवारी मी तिला चर्चला नेते.

तिथं पोचल्यावर घोडं कुठं अडलंय ते कळलं. आलेप्पीच्या त्या भागात रस्ता म्हणजे कालवाच. घराच्या मागच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, चर्च पलीकडच्या काठावर, आणि होडीशिवाय गत्यंतर नाही. घरचे साराम्माला खुर्चीसकट उचलून होडीत ठेवायचे. एकदा तिनं ते सोसलं, दुसऱ्यांदा साफ नाही म्हणाली. हे ऐकून बाईंना बरंच वाटलं. उचलाउचल बंद केली की झालं, यात काय एवढं!

रविवारी सकाळी नावाड्याचा हात धरून बाई आधी होडीत उतरल्या. जीनाला त्यांनी मागंच राहायला बजावलं. साराम्मा खालच्या पायरीवर येऊन काठी टेकून उभी राहिली. बाईंनी हात पाठीमागे बांधले आणि वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या, "कम ऑन साराम्मा, यू कॅन डू इट."

साराम्मा हलेना. बाईही हट्टाला पेटलेल्या. पलीकडं चर्चची घंटा वाजून थांबली. शेजारच्या पायऱ्यांवरून एक धडधाकट बाई दुसऱ्या होडीत उतरत होती. होडीतल्यानं न बघताच हात पुढे केला, तिनं न बघताच धरला. साराम्मा तिकडं बघत राहिली. मग इंग्रजीत, अगदी शांतपणे बोलली.

"हे लोक मला सामानासारखं उचलतात आणि तू माझी परीक्षा घेतेस. इथं होडीत उतरताना सगळ्यांना हात देतात, प्रमोदिनी. आत्ता तुलाही दिला. आजारी पडल्यापासून मला तेवढा कुणी दिला नाही."

आपण नावाड्याचा हात धरला होता, हे बाईंच्या ध्यानातही नव्हतं. त्यांना लाज वाटली, आणि मैत्रिणीसाठी भडभडून आलं. त्यांनी हात पुढे केला. साराम्मानं काठी नावाड्याकडे दिली आणि उजव्या हातानं तो धरला. बाईंनी ओढलं नाही, नुसता धरून ठेवला. होडी डुलली, साराम्मानं श्वास रोखला, आणि पुढच्या क्षणी ती फळीवर बसलेली होती.

पलीकडच्या काठाला नावाड्याचा हात धरून साराम्मा आधी उतरली. पायरीवर नीट उभी राहिली, वळली, आणि बाईंसाठी हात पुढे केला. मीच उतरते, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून त्यांनी तो हात मुकाट्यानं धरला.