पाण्याच्या बाजूला मारायचं नाही

माझ्याबद्दल कुणी लिहिलं की 'धरणाच्या गाळातून घडलेली खेळाडू' असं लिहितं, आणि मला राग येतो. गाळ कुणाला घडवत नाही. गाळात पाय मुरगळतात. आम्ही पवनेच्या धरणात फुटबॉल खेळलो, कारण गावात मुलींना मैदान नव्हतं. अजूनही नाही. हे वाक्य बातमीत कधी छापून येत नाही, म्हणून इथे सुरुवातीलाच लिहून टाकते.

शाळेचं मैदान होतं, पण ते मुलांच्या क्रिकेटचं. दहावीत असताना मी त्यावर एक पत्रक लिहिलं. झेरॉक्स काढून एसटी स्टँडवर, पिठाच्या गिरणीवर आणि ग्रामपंचायतीच्या दारावर चिकटवलं. प्रत्येक परिच्छेदाला 'जाहीर निषेध' होता. सरपंचांनी बोलावून घेतलं, चहा पाजला, भाषेचं कौतुक केलं आणि म्हणाले, धरण एवढं मोकळं पडलंय, तितं खेळा की. होळीनंतर पाणी मागे सरतं आणि काठाला सपाट पट्टा उघडा पडतो, हे खरंच होतं. तात्पुरती सोय, असं म्हणाले होते. मी बारावीपर्यंत तिथेच खेळले.

त्या पट्ट्याच्या डाव्या हाताला पाणी होतं. धरणात उतरायचं नाही, ही प्रत्येक घराची सक्त ताकीद. दरवर्षी कुणीतरी बुडतंच. आणि चेंडू आमच्याकडे एकच. तो पाण्यात गेला की खेळ संपला. मासे धरणाऱ्या मामांची होडी संध्याकाळी काठाला लागेपर्यंत सगळ्या हात चोळत बसायच्या. मामा चेंडू परत देताना दर वेळी तेच म्हणायचे, "आज ह्योच घावला. मासा न्हाई." ज्या मुलीने मारला तिला मग आठवडाभर टोमणे. म्हणून आमचा एकच नियम होता: पाण्याच्या बाजूला मारायचं नाही. अंगावर दोघी धावून आल्या तरी चेंडू पायात धरायचा, आत वळायचं, वाट काढायची. मी बचावफळीत डावीकडे खेळायचे. या कामात माझा हात धरणारी कुणी नव्हती.

पुढे जिल्ह्याच्या सामन्यांत एका व्यावसायिक क्लबच्या प्रशिक्षक मॅडमनी मला पाहिलं आणि लोणावळ्याच्या शिबिराला बोलावलं. हंगामाआधीचं एका महिन्याचं शिबिर. शेवटी काही जणींना करार मिळणार, बाकीच्यांनी घरी जायचं. माझे अब्बा पवनानगर ते कामशेत जीप चालवतात. आई लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात पॅकिंगला जाते. अब्बांनी त्या दुकानाच्या मालकांना शब्द देऊन ठेवला होता. मला म्हणाले, "म्हैनाभर जा. न्हाई जमलं तर मुकाट्यानं काउंटरला उभी ऱ्हा." दुकानात उभं राहण्यात कमीपणा नाही. पण मला ते करायचं नव्हतं, आणि नाही म्हणायला हातात करारच हवा होता.

लोणावळ्याचं मैदान पाहिलं तेव्हा मी बूट काढून गवतावर चालले. हिवाळ्याचे दिवस, धुकं उशिरापर्यंत हलायचं नाही. पहिल्याच सराव सामन्यात डाव्या रेषेजवळ मला दोघींनी घेरलं. कुणीही शहाण्या बचावपटूने चेंडू बाहेर भिरकावला असता. मी आत वळले, चेंडू गमावला, गोल झाला. पुढच्या सामन्यात पुन्हा तेच.

आमची गोलरक्षक कोल्हापूरची होती, वयाने मोठी. सगळ्या तिला ताई म्हणायच्या. ती गोलमधूनच म्हणाली, "काय गं ए मावळ, बॉल काय माहेरनं आणलायस? लई जपालीस."

सगळ्या हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार. मॅडमनी बाजूला घेऊन शांतपणे समजावलं. बाहेर मारला तर त्यांना थ्रो मिळतो, बस. तेवढ्यात आपल्याला जागेवर यायला वेळ मिळतो. हे मला पाठ होतं. पाय ऐकत नव्हता.

मेसमध्ये ताईने विचारलं तेव्हा मी तिला धरणाचं सांगितलं. हा शुद्ध वेडेपणा आहे असं काहीतरी ती पुटपुटली आणि भाकरी खात राहिली. पण दुसऱ्या दिवशी नाश्त्याआधी चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून तिने मला रेषेवर नेऊन उभं केलं. समोर कुणी नाही, सामना नाही. एकेक चेंडू बाहेर मारायचा, एवढंच. माझे पहिले चेंडू रेषेपाशीच घुटमळले. नंतर काही कंपाउंडपलीकडे गेले. तिथे गरम मॅगी खात उभे असलेले पर्यटक ते परत फेकत होते, आणि त्यांच्यातल्या एका काकांनी ताईला विचारलं की यात गोल कसा मोजतात. मी प्रत्येक चेंडू कुठे पडतो ते मान वळवून पाहत होते. ताईच्या ते लक्षात आलं.

"बघू नकोस," ती म्हणाली. "मारलास की फीर, आन् आपल्या जागंवर जा."

असं आम्ही रोज केलं. त्या महिन्यात बाकीच्या मुली नवीन काहीतरी शिकत होत्या. मी मैदान नसल्याची सवय मोडत होते. खडतर परिस्थितीचे गोडवे गाणाऱ्यांनी हाही खर्च धरावा.

शेवटचा सामना लोणावळ्याच्याच मुलांच्या संघाशी होता. अब्बांनी जीपची फेरी दुसऱ्याला दिली आणि रेषेजवळ हाताची घडी घालून उभे राहिले. मला खऱ्या मैदानावर खेळताना ते पहिल्यांदाच पाहत होते. आम्ही एका गोलने पुढे होतो आणि थोडाच वेळ उरला होता. चेंडू माझ्याकडे आला, दोघे अंगावर आले. मी डावा पाय जोरात फिरवला. चेंडू अब्बांच्या डोक्यावरून कंपाउंडबाहेर गेला असावा; मी पाहिलं नाही. थ्रो पडेपर्यंत आम्ही सगळ्या जागेवर होतो, आणि ताईने तो सहज पकडला.

सामना संपल्यावर अब्बा म्हणाले, "पायात बरा व्हता की. फेकलास कशाला?" मी थ्रोचं समजावलं. त्यांना पटलं नाही.

मॅडमनी एकेकीला खोलीत बोलावलं. मला म्हणाल्या, "डावी बाजू या हंगामात तुझी. बाहेर मारायला शिकलीस, बरं झालं. पण आत वळणं विसरू नकोस, त्यासाठीच तुला घेतलं होतं."

बाहेर येऊन अब्बांना सांगितलं. त्यांनी जीपची किल्ली बोटात फिरवली.

"दुकानवाल्यांना काय सांगायचं मग? मी शब्द दिलाय."

"मी सांगते," म्हटलं.

तसेच बाजारात गेलो. दुकानात गिऱ्हाईक होतं. मालक शेंगदाण्याची चिक्की तोलत होते. आई आतून प्लास्टिकचे हातमोजे घालूनच बाहेर आली आणि माझ्या तोंडाकडे पाहत दाराशी थांबली. मी मालकांना सांगितलं की करार झाला आहे, काउंटरला दुसरी मुलगी बघा. त्यांनी वजन पूर्ण केलं, पुडा बांधला, गिऱ्हाईकाला दिला.

"बरं," ते म्हणाले. "रविवारी गर्दी असते. रविवारी तरी येशील?"

मी म्हटलं, रविवारी सामने असतात.