सीटखालची सीतादही

बीटी कपाशीनं पहिली काही वर्षं घर भरलं, त्या भरात मी मोताळ्याच्या एका डॉक्टरची जुनी गाडी घेतली. बटण दाबलं की सीट आपोआप मागं-पुढं सरकायची. नंतर बोंडअळी आली न् सगळी मस्ती उतरली, गाडी तेवढी राहिली. लोक म्हणत, इकून टाक. मी म्हणायचो, बायको चालवायले शिकून राह्यली नं.

ती खरंच शिकली. मनात एकच होतं, उंद्रीला माहेरी स्वतः गाडी चालवत जायचं. लहानपणी तिनं सायकल मागितली, तेव्हा बापानं "तुह्ये पाय पुरत नाईत पोरी" म्हणत ती भावाला घेऊन दिली. आता आमच्या बाईसाहेब उभ्या कपाशीत शिरल्या तर शोधाव्या लागतील, हे खरं. पण ते बोलणं त्या विसरल्या नव्हत्या.

निघायच्या सकाळी सीट मागंच अडकली. आदल्या संध्याकाळी मी सीट मागं सारून, पाय ताणून गाणी ऐकत बसलो होतो ना. ती बसली तर पाय ब्रेकपासून वीतभर लांब. उतरून नव्या साडीनिशी ओसरीवर जाऊन बसली. मला फार वाईट वाटलं.

पंपाचे स्टार्टर उघडून माझा हात बसलेला, म्हटलं आपणच पाहू. फ्यूज शाबूत. सीटची पाठ हलत होती, म्हणजे वीज तिथवर येत होती. सीट सरकवणारी मोटर तेवढी गप्प. आडवा होऊन खाली डोकं घातलं. वायरींच्या जोडावर हिरवा थर आणि भाताची वाळकी शितं. माझी माय दारात उभी होती, तिला विचारलं.

"माय, इथं भात कोनं सांडला?"

"सांडला नाई, वाह्यला. सीतादहीचा."

आमच्याकडं कापसाच्या पहिल्या वेचणीआधी वावरात दहीभात शिंपडतात, ती सीतादही. गाडी कापसानंच आणली, मग तिचाही मान, म्हणून माय दरवर्षी सीटखाली मूठभर टाकत आली होती. त्या आंबट दह्यानं तांबं खाल्लं.

"अवं, मंग चाकावर वाहाचा नं."

"चाकावरचं कुत्रं खाते," माय म्हणाली.

कपाळावर हात मारून मी बॅटरीची तार काढली, जोड सोडवला, पॉलिश पेपरनं पिना घासल्या, पुन्हा सगळं बसवलं. बायकोला हाक मारली. तिनं बटण दाबलं, तशी सीट कुरकुरत पार स्टीअरिंगजवळ आली. ती हसली नाही. ब्रेक तेवढा दाबून पाहिला आणि मला म्हणाली, "बसा."

उंद्रीला सासरे दारातच होते. मला वाटलं, जवायाला रामराम करतील. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. खिडकीतून वाकून तिच्या पायांकडं पाहत राहिले.

"पुरले व बाई," ते म्हणाले.

"तवाही पुरले असते, बाबा," ती म्हणाली आणि गाडी बंद केली.