एकाच जुडग्यातल्या वायरी

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांची कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात तात्याराव ओव्हाळांचं वायरिंग पाहायला गिऱ्हाइकं मुद्दाम आणली जात. कपाटाएवढं पॅनेल उघडलं की आत वायरी भांग पाडल्यासारख्या सरळ. त्या ज्या प्लॅस्टिकच्या पन्हळीसारख्या डक्टमधून जात, त्याचं झाकण तात्यारावांनी एकदा बसवलं की कुणी उघडून पाहायचं नाही, असा तिथला रिवाज होता. मालक श्रीधर साठेही तो पाळत.

१९९८ साली तात्यारावांची पुतणी दीक्षा तिथं लागली. विश्रांतवाडीच्या ओव्हाळांच्या घरातली पहिली इंजिनिअर. तिच्यासाठी शब्द तात्यारावांनीच टाकला होता. पहिलं काम मिळालं रंग वाळवण्याच्या भट्टीचं. पॅनेलचं ड्रॉइंग तिचं, कंट्रोलरमधला प्रोग्रॅमही तिचाच. ड्रॉइंगमध्ये पंख्याच्या मोटरच्या जाड वायरी एका डक्टमधून होत्या आणि तापमानाच्या सेन्सरची बारीक वायर लांबून, दुसऱ्या डक्टमधून.

"काका, ही वेगळीच न्या हं. मोटरचा वेग बदलणारा हा नवा ड्राइव्ह विजेचा फार गोंगाट करतो."

"गोंगाट? मला तर काही ऐकू येत नाही."

"आपल्याला नाही येत. शेजारच्या वायरीला येतो."

"बरं बाई. वायरीचे कान तू सांभाळ, वायरी मी सांभाळतो."

दुसऱ्या डक्टमधून पुढं कंट्रोलरपर्यंत सेन्सरची ती वायर उघडी, लोंबत आणावी लागत होती. पुतणीचं पहिलंच पॅनेल असं गबाळं दिसायला नको, म्हणून तात्यारावांनी ती मोटरच्या वायरींबरोबर एकाच जुडग्यात बांधली आणि झाकण बसवलं. केलं ते मायेपोटीच.

कारखान्यातली चाचणी मोटर न जोडताच झाली, तेव्हा काही बिघडलं नाही. मोटर गिऱ्हाइकाकडे, लोणी काळभोरजवळ होती. तिथं पंख्यानं वेग घेतला की तापमानाचा आकडा उड्या मारी आणि प्रोग्रॅम भट्टी बंद करी. दीक्षा प्रोग्रॅम पुन्हापुन्हा तपासत राहिली. झाकणाला तिनं हात लावला नाही.

"प्रोग्रॅम उत्तम आहे," साठे सगळ्यांसमोर म्हणाले. "फक्त भट्टी चालत नाही."

तात्याराव तिथंच उभे होते. त्यांनीही सांगितलं, "पोरी, परत एकदा बघ. वायरिंगचं काही नसणार."

साठ्यांनी ते काम तिच्याकडून काढून दुसऱ्याला दिलं. त्यानं पंख्याचा वेगच निम्म्यावर आणला, भट्टी रडतखडत चालू झाली. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्या तेव्हा दोन हजार सालाच्या घोळासाठी माणसं भराभर घेत होत्या. दीक्षा त्यातल्या एकीत गेली आणि कुठल्याशा परदेशी विमा कंपनीच्या तारखा दुरुस्त करू लागली. घरात पेढे वाटले गेले.

पुढल्या वर्षी त्याच पॅनेलमध्ये एक दिवा वाढवायला तात्यारावांना पाठवलं. दिव्याची वायर सारायला त्यांनी स्वतःच जुडगं सोडलं. सेन्सरची वायर बाहेर लोंबत ठेवूनच, ड्राइव्हवर कमी केलेला वेग परत वाढवून चाचणी घेतली, पंखा पूर्ण वेगात गेला, आकडा हलला नाही. वायर परत जुडग्यात सारली. आकड्यानं उडी मारली. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. मग वायर ड्रॉइंगप्रमाणे दुसऱ्या डक्टमधून नेली.

साठ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "झालं ते बरंच झालं. मुलगी मार्गी लागली ना!"

रविवारी तात्याराव भावाच्या घरी गेले. दीक्षाला त्यांनी जुडग्याची सगळी हकीकत सांगितली.

"एकदा मनात आलं होतं माझ्या," ती म्हणाली.

"मग झाकण का नाही उघडलंस?"

"तुमचं होतं ना, काका."

मग तिनंच विचारलं, "आता पूर्ण वेगात चालते भट्टी?"

"चालते."

"माझ्या प्रोग्रॅमवर?"

"नाही गं. तुझ्यानंतर आलेल्यानं तुझा पुसून आपला टाकला होता."

"माझाही एकदा चालवून बघायला हवा होता," दीक्षा म्हणाली. कुणाला उद्देशून, ते तात्यारावांनी विचारलं नाही.