सरकारी भीमेतले मासे

मासळीच्या खात्यात नोकरी केली की मासे कमी आणि किस्से जास्त मिळतात. सत्तरच्या दशकात मी दौंडच्या ऑफिसात जीप चालवायचो. जीप निम्मा वेळ बंद, त्यामुळं किस्से बघायला वेळ भरपूर! चहाला बसलो की अजून एकामागून एक निघतात. तेवढे ऐकाच.

*

आमचे बर्वेसाहेब पुण्याचे, कट्टर शाकाहारी. म्हणून खात्यानं त्यांना मासे दिले! मासळीचा वास आला की नाकाला रुमाल.

एकदा मी म्हणालो, "साहेब, खाल्ल्याशिवाय मासा कळतो का हो?"

"तू जीप चालवतोस. पेट्रोल पितोस का?"

माणूस हुशार, एवढं मात्र मान्य केलं पाहिजे.

*

शिरूरला घोडनदीत मत्स्यबीज सोडायचा कार्यक्रम होता. मांडव, हार, लाऊडस्पीकर, सगळा थाट. पत्र्याच्या डब्यात नखाएवढी पिल्लं आणि डबा रणरणत्या उन्हात. साहेबांचं भाषण सुरू झालं, 'नदीचं भवितव्य' वगैरे. भाषण संपलं तेव्हा डब्यातलं बीजही संपलं होतं!

मी हळूच कानात सांगितलं. साहेब म्हणाले, "फोटोत काय कळतंय?"

सोडलं! टाळ्याही पडल्या. पुढचं संवर्धन कावळ्यांनी बघितलं.

*

मग वरून हुकूम आला, की भीमेत कुठल्या जातीचे मासे आहेत, कुठले संपत आलेत, याची पाहणी करा. नदीकाठी चिखल फार, म्हणून साहेबांनी भीमा यवतच्या बाजारातच पाहिली. मासळीवाल्या मावशींसमोर उभं राहून लिहिलं: वाम, मरळ, शिवडा. शेजारी सुक्या बोंबलाचा ढीग होता. तोही लिहिला!

"अहो साहेब, बोंबील समुद्रातला!"

"नदी शेवटी समुद्रालाच मिळते ना?"

भीमा मुंबईला कधी गेली, हे मी विचारलं नाही. नोकरी करायची होती.

*

एक जागा मात्र हुकमात नावानिशी होती, ती साहेबांना प्रत्यक्ष बघावीच लागली. राहू गावाच्या पुढं भीमेचा डोह आहे, काठावर देवीचं ठाणं. आख्ख्या नदीत जाळी टाकणारे भोई त्या डोहात बोट बुडवत नाहीत. आत खडस मासे, हातभर लांब, रुपयाएवढे खवले. बाकी नदीत खडस केव्हाच दिसेनाशी झालेली.

तिथले आमचे धोंडीबा भोई, म्हणजे आबा. तोंडानं फटकळ, तंबाखू कायम गालात. त्यांचं पोरगं दुखण्यातून वाचलं तेव्हा नवस फेडायला त्यांनी एका खडशीच्या ओठात तांब्याची कडी घालून तिला डोहात सोडलं होतं. रोज भाकरी कुस्करून टाकायचे आणि हाका मारायचे, "ये गं माझी बाय!" ती यायचीही.

पण परक्या माणसाला देवीचे मासे सांगायचे नाहीत, दृष्ट लागते, अशी भोयांची पक्की रीत. साहेबांनी विचारलं, "आबा, या डोहात खडस किती?"

"एकबी न्हाई, सायेब."

मागं पाण्यात धपकन शेपूट वाजलं! साहेब चष्मा पुसत होते. त्यांनी 'नाही' लिहिलं.

मी आबांना बाजूला घेतलं. "आबा, निदान सरकारला तरी खरं सांगायचं!"

"सरकार काय सोयरं हाय व्हय माझं?"

*

नाही म्हणजे नाही! राखण्यासारखा मासाच नाही, मग डोह राखायचा कशाला? नदीबरोबर डोहाचाही मासेमारीचा ठेका निघाला.

आबा धापा टाकत ऑफिसात आले. "सायेब, खोटं बोललो म्या! हायेत! लई हायेत!"

"आता रिपोर्ट वर गेला, आबा."

"मंग चला की, डोळ्यांनी बगा!"

"पाहणी झालेली आहे."

"माझ्या जिभेला आग लागो," आबा म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, मोठे साहेब यायचेत, त्यांनाच गाठा. ठेका तेच थांबवू शकतात.

*

मोठे साहेब आले. निमित्त मत्स्यसंवर्धनाचं, म्हणून जेवणात मासे! आबा सकाळपासून ऑफिसच्या पायरीवर बसून होते. जेवताना बोलता येईल, म्हणून मी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि वाढायला आत घेतलं. मोठ्या साहेबांच्या कानावरही घातलं, की आबांना डोहाबद्दल बोलायचंय.

मासळी ठेकेदारानं पाठवली होती. तो स्वतः हात जोडून उभा. "एकदम ताजा माल, सर! पहाटेच सुरुंग लावले. आख्खा डोह निपटून काढला!"

आबांच्या हातातलं पाणी सांडलं.

मान मोठ्या साहेबांचा, म्हणून माशाचं डोकं त्यांच्या ताटात. त्यांनी तोंड लावलं आणि कट्! दाताखालून त्यांनी काळी पडलेली तांब्याची कडी काढून ताटात ठेवली.

बर्वेसाहेब घाईघाईनं म्हणाले, "भांड्याची असेल, सर."

आबांनी तांब्या खाली ठेवला. ताटातली कडी उचलली, धोतराला पुसली आणि मुठीत धरली. मग मोठ्या साहेबांनीच विषय काढला, "आबा, तुम्हाला डोहाबद्दल काही सांगायचं होतं ना? किती खडस आहेत तिथं?"

"एकबी न्हाई, सायेब."