भूलवाल्या डॉक्टरांची डिकी

सौदीतल्या हफ्र अल बातिनमध्ये आजवर जितकी माणसं ईदचा चंद्र दिसतो का म्हणून मान वर करून उभी राहिली असतील, त्या सगळ्यांची भरपाई आमच्या भूलवाल्या डॉक्टरांनी एकट्यानं खाली बघून केली आहे. मी त्यांना बारा वर्षं ओळखतो आणि या बारा वर्षांत त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून बोललेली वाक्यं बोटांवर मोजता येतील. बाकीचा सगळा संवाद माझ्या चपलांशी झाला. सुरुवातीला वाटायचं, माणूस लाजाळू आहे. मग लक्षात आलं, चपलेशेजारी एखादा खडा असतो.

भूलवाले म्हणजे इथल्या इस्पितळात ऑपरेशनच्या आधी भूल देणारे. त्याच इस्पितळात मी एक्स-रे काढतो. डॉक्टर मूळचे सिन्नरकडचे, मी चिपळूणचा, आणि परक्या मुलखात दोन मराठी माणसं एका इमारतीत राहायला आली की त्यांची मैत्री होते किंवा भांडण तरी होतं. आमची मैत्री झाली. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे, ते मला नुसतं ‘एक्स-रे’ म्हणायचे. टेबलावर रोगी आला की बाकीचे डॉक्टर त्याला धीर द्यायला मुलंबाळं विचारतात. हे विचारायचे, ‘‘बाबा, तुमचं गाव कुठलं? तिथे दगड कसले असतात?’’ वाळवंटात मेंढ्या राखत भटकणारा म्हातारा बदू उत्तर देता देता झोपून जायचा. पण प्रश्न डोक्यात राहायचा बहुतेक, कारण शुद्धीवर येताना माणसं आईला हाक मारतात, तर यांचे रोगी दगडांचा पत्ता सांगत. ‘कैसूम्याच्या पुढे, डावीकडे, पाण्याच्या टाकीपाशी.’ सिस्टर ते औषधांच्या कागदावर लिहून ठेवायच्या.

कैसूमा हे आमच्या शेजारचं गाव. तिथल्या माळावर गारगोटीचे असे काही खडे सापडतात की नीट घासून पैलू पाडले तर हिऱ्यासारखे झळकतात. डॉक्टरांना घासण्यात रस नव्हता. ‘‘झळकवायला काय, बाटलीची काचही झळकते. ओळखता आलं पाहिजे,’’ असं ते म्हणत. ओळखण्याची त्यांची साधनं तीन: खिशात भिंग, दोरीला बांधलेलं लोहचुंबक, आणि जीभ. जिभेला चिकटला तर ते दगड झालेलं जुनं हाड, न चिकटला तर साधा दगड, असा त्यांचा सिद्धांत होता. एकदा आम्ही पाचसहा मराठी कुटुंबं वाळवंटात सहलीला गेलो असताना डॉक्टरांनी एक तुकडा जिभेला लावला आणि तो चिकटला. आनंदानं त्यांचे डोळे भरून आले. जीभ अडकलेली असल्यामुळे ‘‘हाद! हाद! लाखो वल्थांचं!’’ एवढंच बोलता येत होतं. त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, तो तुकडा सोडवून निरखला आणि म्हणाल्या, ‘‘गेल्या शुक्रवारी इथेच कोणीतरी कबसा-भात करून खाल्लेला दिसतोय. मटणाचं आहे.’’

एकदा दुपारच्या सुट्टीत ते टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांत धरून माझ्याकडे आले. ‘‘एक्स-रे, याची छाती काढायची आहे.’’ आत नारळाएवढा धोंडा. तो आतून पोकळ असावा आणि पोकळीत स्फटिक असावेत, असा त्यांना संशय होता. मी म्हटलं, फाइल नंबर नसेल तर मशीन पुढे जात नाही. ‘‘मग घाला माझा नंबर,’’ ते म्हणाले. फोटो निघाला. धोंडा आरपार भरीव. डॉक्टर पडद्याकडे बघत कितीतरी वेळ उभे राहिले. एवढा पडलेला चेहरा मी रोग्यांच्या नातेवाइकांचाही फार वेळा पाहिला नाही. त्या दिवशी त्यांच्या नावावर जमा झालेला तो छातीचा फोटो पुढे इकाम्याच्या, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याच्या, वैद्यकीय तपासणीत कोणी उघडला नाही, ही देवाची कृपा.

आमच्या घरी ते जेवायला आले तेव्हाचं तर विचारूच नका. खिचडीचा तिसरा घास, आणि ‘कट्’ असा आवाज. सगळे थबकले. माझ्या बायकोचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी खडा बाहेर काढला, पेल्यातल्या पाण्यात धुतला, भिंगाखाली धरला आणि आदरानं म्हणाले, ‘‘ताई, हा इथला नाही हो. नदीत घासलेला आहे. तांदूळ कुठून आणलात?’’ खडा रुमालात बांधून ते घरी घेऊन गेले. माझ्या बायकोनं त्यानंतर त्यांना कायम पोळीवर भागवलं.

घरात त्यांचं फारसं कौतुक नव्हतं. शाळकरी मुलगी म्हणायची, ‘‘बाबा, इट्स जस्ट अ स्टोन!’’ त्यातला ‘स्टोन’ त्यांना चालायचा, ‘जस्ट’ लागायचा. कहर झाला तो कपडे धुण्याच्या यंत्रामुळे. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात पेरूएवढा दगड राहिला होता. यंत्र चारदा धडधडलं आणि कायमचं गप्प झालं. वहिनी म्हणाल्या, ‘‘आता ठरवा. यापुढे या घरात दगड तरी राहील, नाहीतर मी.’’ डॉक्टरांनी निर्णय योग्य तोच घेतला. पण घेण्याआधी ते जो क्षणभर विचारात पडले, त्याचा राग वहिनींना आजही आहे.

त्या दिवसापासून संग्रह गाडीच्या डिकीत गेला. इंजेक्शनांची रिकामी खोकी, त्यांत कापूस, कापसावर दगड, आणि प्रत्येकाला बारीक अक्षरात चिठ्ठी: कुठे सापडला, कधी, हवा कशी होती, सोबत कोण होतं. निम्म्या चिठ्ठ्यांवर ‘सोबत एक्स-रे (कुरकुर करत)’ असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. वजनानं गाडीचा मागचा भाग इतका खाली बसला की पुढचे दिवे समोरच्या ट्रकऐवजी खजुराच्या शेंड्यांवर पडत. एकदा नाक्यावर पोलिसानं डिकी उघडायला लावली. दगड बघून तो गोंधळला. ‘‘लेश?’’ म्हणजे ‘कशासाठी?’ असं त्यानं विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना सरळ असा कोणी विचारलाच नव्हता. डॉक्टरांनी बराच विचार केला आणि म्हणाले, ‘‘हिलू.’’ सुंदर आहेत. पोलिसानं एक खडा उचलून उन्हात धरला, परत कापसात ठेवला आणि म्हणाला, ‘‘यल्ला, जा.’’

आता जे सांगणार आहे, तेही शुक्रवारचंच, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवसाचं. डॉक्टरांची ड्यूटी नव्हती. दुपारी आम्ही दोघं कैसूम्याच्या पुढे गेलो आणि डॉक्टरांना त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी वस्तू सापडली. परातीएवढी चपटी चुनखडीची लादी, आणि तिच्यात करंजीसारखे शिंपले ओळीनं रुतलेले. कधीकाळी इथे समुद्र होता, त्याची खूण. आम्ही ती दोघांनी उचलून डिकीत ठेवली. परतताना डॉक्टर म्हणाले, ‘‘इकडून जाऊ, वेळ वाचेल.’’ इकडे पिठासारखी वाळू होती. पाच मिनिटांत मागची दोन्ही चाकं निम्मी आत गेली.

चाकांतली हवा कमी केली. पायपुसणी चाकाखाली घातली, ती चाकांनी मागे भिरकावून दिली. मित्राला फोन केला, तर त्याला पोचायला दीड तास लागणार होता. शेवटी मी म्हटलं, ‘‘डॉक्टर, चाकाखाली दगड घातल्याशिवाय निघणार नाही.’’

आम्ही सभोवार पाहिलं. नजर पोचेल तिथवर एकही दगड नव्हता. असतील ते सगळे डिकीत होते.

डॉक्टर माझ्या चपलांकडे बघून म्हणाले, ‘‘वाळू जरा सुकली की आपोआप निघेल.’’

‘‘सुकलेलीच आहे, डॉक्टर! वाळवंट आहे हे!’’

त्यांनी डिकी उघडली. एक खोकं काढलं, चिठ्ठी वाचली, परत ठेवलं. दुसरं काढलं, परत ठेवलं. चाकाखाली घालायला माझा जेवणाचा डबा स्टीलचा आहे का, असं विचारलं. अखेर मोठ्या कष्टानं सुपारीएवढा एक खडा माझ्या तळहातावर ठेवला. ‘‘हा घाला. याचे माझ्याकडे दोन आहेत.’’

मी काही बोलणार एवढ्यात त्यांचा फोन वाजला. ऑपरेशन थिएटरच्या केरळी सिस्टर होत्या. फोनचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू आलं. ‘‘डॉक्टर साब, सिझेरियन का केस आया है. बच्चे का हार्टबीट कम-ज्यादा हो रहा है. एक घंटे के अंदर लेना पडेगा. मिसरी डॉक्टर अ‍ॅक्सिडेंट केस में अंदर है, निकल नहीं सकते. आप कहां हो?’’ मिसरी डॉक्टर म्हणजे त्या दिवशी ड्यूटीवर असलेले दुसरे भूलवाले, इजिप्तचे.

‘‘चालीस मिनट,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘टेबल तैयार रखो.’’

फोन खिशात गेला आणि माणूस बदलला. त्यांनी पहिलं खोकं उचललं आणि चाकापाशी उपडं केलं. दुसरं, तिसरं, चौथं. चिठ्ठ्या वाऱ्यावर उडाल्या, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ते दगड चाकाखाली दाबत होते. वर्षानुवर्षं जपलेले, चाटलेले, कापसात निजवलेले दगड. मी आपला नकळत निवडून निवडून घालत होतो, तर ते ओरडले, ‘‘काय बघताय? कोंबा!’’ डाव्या चाकाला तरीही आधार कमी पडत होता. त्यांनी ती शिंपल्यांची लादी एकट्यानं ओढून काढली, कशी ते देव जाणे, आणि पायानं रेटून चाकाखाली सरकवली. ‘‘यल्ला, एक्स-रे. घ्या गाडी.’’

मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. खालून लादी फुटल्याचा आवाज स्पष्ट आला. गाडी हिसका देऊन वर आली. थांबलो असतो तर पुन्हा रुतलो असतो, म्हणून डॉक्टर शेजारून धावत धावत आत चढले. मी आरशात मागे बघत होतो. ते समोर बघत होते. वाटेत ते एकच वाक्य बोलले, ‘‘जरा वेगात घ्या.’’

इस्पितळात ते हात धुवायला गेले तेव्हा बेसिनमध्ये वाळूचा थर साचला. तासाभरानं बाहेर आले आणि माझ्याशेजारी बाकावर बसले. ‘‘मुलगी झाली. जरा उशिरा रडली, पण रडली. आई बरी आहे.’’ ती बाई कोण, कुठली, मला माहीत नाही. त्यांनाही नसावं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही दगड शोधायला गेलो. आठवडाभर वारं सुटलं होतं. वाळवंटात आपल्या खुणा आपण धरून चालतो, वारं धरत नाही. एक पायपुसणं सापडलं, बाकी काही नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेही नाही. तिसऱ्या शुक्रवारी गाडीत मागच्या सीटवर वहिनी येऊन बसल्या. तिथे पोचल्यावर त्या पायघोळ अबाया सावरत, वाऱ्यात तोंडावर येणारी ओढणी धरत, वाकून वाकून चालू लागल्या. दोन तास चालल्या असतील. मग दूरच्या खडकाळ टोकावरून त्यांनी हाक मारली, ‘‘अहो, हा बघा. हा आपल्यातला का?’’

डॉक्टर गेले. मीही मागोमाग गेलो. वहिनींच्या हातात मातकट, वेडावाकडा तुकडा होता. रस्त्याच्या कामाला टाकतात तसला. मला एक्स-रेतलं कळतं, दगडांतलं फारसं नाही, पण इतक्या वर्षांत एवढं तरी कळायला लागलं होतं. डॉक्टरांनी भिंग काढलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं.

‘‘हो,’’ ते म्हणाले. ‘‘आपल्यातलाच.’’

वहिनींनी तो पदरानं पुसावा तसा अबायाच्या टोकानं पुसला आणि आपल्या पर्समध्ये ठेवला.

आता डॉक्टर सिन्नरला असतात. मुलगी पुण्याला शिकते. शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन येतो. ‘‘एक्स-रे, आमच्या भागातले स्फटिक बघायला म्हणे परदेशातून माणसं येतात. आणि लहानपणी विहिरीच्या खोदकामात निघायचे ते पांढरे, चमकणारे खडे आम्ही चिंचा पाडायला फेकायचो हो. सगळे फेकले.’’ मी हसतो. तेही हसतात. ‘‘या एकदा सुट्टीत,’’ म्हणतात. मी येतो म्हणतो. मग बोलायचं संपतं, पण फोन कोणीच ठेवत नाही. पलीकडून वहिनींच्या बांगड्यांचा, भांड्यांचा आवाज येत राहतो, आणि मी कानाला फोन लावून तो ऐकत बसतो.