कास्ट टाकू का?

माझा धंदा पाट्यांचा. नंदनवन भागात छोटंसं दुकान आहे. त्यात एक छपाईचं मशीन, एक अक्षरं कापायचं मशीन आणि उरलेल्या जागेत मी. चुका करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. एकदा दाताच्या दवाखान्याची पाटी मी शेजारच्या शटरवर लावून आलो. तिथे हार्डवेअरचं दुकान होतं, आणि सकाळभर पेशंट आत टांगलेल्या पकडी पाहून गाल धरून परत जात होते. असले किस्से मी टपरीवर स्वतःच रंगवून सांगतो. हा एक मात्र सांगताना हसू यायच्या आधी मान खाली जाते.

त्यासाठी थोडं मालाबद्दल सांगावं लागेल. पाटीवर चिकटवायचा जो प्लास्टिकचा पातळ कागद असतो, त्याला विनाईल म्हणतात. ते दोन तऱ्हेचं येतं. एक रुळांमध्ये दाबून लाटलेलं, दुसरं पातळ ओतून वाळवलेलं. लाटलेलं स्वस्त, पण ते ओढूनताणून मोठं केलेलं असतं. आपलं ऊन लागलं की ते पुन्हा आपल्या मापाला जायला बघतं. कडा आकसतात, कोपरे उठतात. ओतलेलं जिथे पसरलं तिथेच राहतं. वर जे पारदर्शक लॅमिनेशन चढवतात तेही खालच्यासारखंच लागतं, नाहीतर दोघं आपापल्या मनाने आकसतात आणि बोर्ड पापडासारखा फुगतो. तर या ओतलेल्या मालाला इतवारीच्या ठोक बाजारात सगळे 'कास्ट' म्हणतात. मीही म्हणतो. दिवसातून इतक्यांदा म्हणतो की या शब्दाला दुसरा काही अर्थ आहे हे डोक्यातून पार गेलेलं.

मागच्या हिवाळ्यात काटोलकडच्या एका बाईंनी आमच्या मागच्या गल्लीत पुढची खोली भाड्याने घेऊन मेस सुरू केली. आजूबाजूला कॉलेजची मुलं-मुली पुष्कळ. बोर्ड माझ्याकडे आला. लाल अक्षरांत 'घरचं जेवण', खाली फोन नंबर, बस्स. मी माल घ्यायला इतवारीत गेलो. मागून हातगाडीवाला 'बाजू, बाजू' करत पाठीत गाडी घालत होता आणि पुढे दुकानदार विचारत होता, "बाहेरचं काम आहे का आतलं?"

"बाहेरचंच. पण गिऱ्हाईक साधं आहे."

"गिऱ्हाईक साधं असन गा, ऊन साधं आहे काय? कास्ट ने."

मी तिथूनच फोन लावला. "ताई, तुमच्या बोर्डावर कास्ट टाकू का?"

पलीकडे शांत. मला वाटलं, हॉर्नच्या आवाजात ऐकू गेलं नाही. म्हणून ओरडून विचारलं, "कास्ट! कास्ट टाकू का? काही लोक टाकतात, काही नाही टाकत. तुमची मर्जी."

"नाही भाऊ," त्या म्हणाल्या. "कास्ट नका टाकू. साधंच ठेवा."

"पक्कं ना? मग मले म्हणसान नंतर."

"नाही म्हणत."

आता खरं बोलतो. मला 'नाही'च हवं होतं. दुकानात लाटलेल्या मालाचा अर्धा रोल पडून होता, आणि कुणाच्या तरी घरातले फोटो मढवून उरलेलं लॅमिनेशन. ते उन्हासाठी केलेलंच नसतं. विचारल्याचं पुण्य मला पाहिजे होतं आणि रोलही संपायला पाहिजे होता. दोन्ही झालं. मी खूश होऊन घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "साधी माणसं बरी असतात वं, खळखळ नाही करत."

मे महिन्यात उन्हाने त्या बोर्डाचा हिशेब केला. लॅमिनेशन पिवळं पडून फुगलं, त्याखाली फोन नंबर असा गेला की तीन आहे का आठ ते सांगता येईना. आणि लाल अक्षरं उजव्या कडेने आकसायला लागली. उठलेला कोपरा वाऱ्याने धरला आणि शेवटचा 'ण' घेऊन गेला.

जूनच्या अखेरीस ताईंचा फोन आला. "भाऊ, तुमचा बोर्ड पोट्टे हाकलून राहिला. या जरा."

गेलो. रस्त्यावरूनच वाचलं: 'घरचं जेव'. जणू दारातच कुणी दम भरत होतं, इथे कशाला आला बावा, घरी जा, घरचं जेव.

मला आधी हसू फुटलं. मग ताईंकडे पाहिलं आणि ते गिळलं. हे दिवस ॲडमिशनचे. नवीन पोरं गावाहून येतात, गल्ल्या हिंडतात, बोर्ड पाहून फोन करतात, आणि एकदा मेस धरली की वर्षभर तिथेच. या दिवसांत टेबलं भरली तर ताईंची खोली राहणार होती, नाही तर सामान बांधून परत गावी. "दोघं-तिघं माझ्या डोळ्यादेखत हसून पुढच्या गल्लीतल्या मेसमध्ये गेले," त्या म्हणाल्या. "नंबर तर कोणाले वाचताच येत नाही."

चूक माझी आहे हे मला कळत होतं, आणि अशा वेळी मी करतो तेच केलं. उलटा चढलो. आत जुनी पाच-सहा मुलं-मुली जेवत होती, त्यांच्यासमोर म्हणालो, "ताई, मी तर तुमाले कास्ट विचारली होती. तुम्हीच नाही म्हटलं."

पोळी वाढता वाढता ताई थांबल्या. "कास्ट टाकली असती तर बोर्ड टिकला असता काय?"

"टिकलाच असता! ऊन असो का पाणी, ढिम्म नसता हलला. अहो, कास्ट चांगली असली की पाहावं लागत नाही. हलका माल म्हटला की असंच होते."

खोलीत एकाही ताटाचा आवाज येत नव्हता. मला वाटलं, माझं ज्ञान पटून राहिलं. एका मुलीने घास हातातच धरला होता, आणि माझ्याकडे अशी पाहत होती जसं भिंतीवर काही सरपटताना दिसावं.

"घर पाहायले आली," ताई अगदी हळू बोलल्या, "तवा पहिल्या घरी तेच विचारलं. दुसऱ्या घरी बी तेच. इथं नाही विचारलं, म्हणून इथं राहिली. मंग तुमचा फोन आला."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्या शहरात भोजनालयाच्या पाटीवर जेवणासोबत रांधणाऱ्याचा समाजही लिहिलेला दिसतो. म्हणून ताईंना माझा प्रश्न चमत्कारिकसुद्धा वाटला नव्हता. नेहमीचाच वाटला होता.

"ताई, नाही हो! ते प्लास्टिक! प्लास्टिकचं नाव आहे ते!" मी बाहेर धावलो, गाडीच्या डिकीतून कास्टच्या जुन्या रोलचा तुकडा आणला, मागच्या कागदावरची अक्षरं दाखवली. ती मुलगी उठून वाचायला आली आणि मान हलवून म्हणाली, "खरंच लिहिलंय, काकू. विनाईलचा प्रकार आहे."

"म्हणजे तुम्ही प्लास्टिकची जात विचारून राहिले होते?"

"हो."

सगळी हसली. ताईही जराशा हसल्या. मी सुटलो म्हणून घाम पुसला, तर त्या म्हणाल्या, "अन् पाणी?"

"कोणतं पाणी?"

"बोर्ड लावायले आले तवा मी पाणी आणलं. तुम्ही हात असा केला." त्यांनी तळहात उभा धरून दाखवला. "घेतलं नाही."

माझ्या तोंडात तेव्हा तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. बोलता येत नव्हतं, पिता येत नव्हतं, म्हणून हात केला होता. तेच सांगितलं. पण खरं कारण इतकं फालतू असलं की ते बनवून सांगितल्यासारखं वाटतं. मलाच ते खोटं वाटायला लागलं. एवढे महिने ही बाई मला रोज गल्लीतून जाताना पाहत होती, आणि मी तिच्यासाठी कोण होतो, याचा मला पत्ता नव्हता. वर मी तिला साधी म्हणत होतो.

"आता आहे काय तोंडात?"

"नाही."

त्या आतून तांब्या-पेला घेऊन आल्या. सगळ्यांसमोर प्यायलो. इतकं अवघड पाणी मी कधी प्यायलो नव्हतो.

त्याच दुपारी पुठ्ठ्यावर मार्करने नंबर लिहून दाराला टांगला आणि इतवारी गाठली. दुकानदाराने कास्ट आणि वरचं लॅमिनेशन काढून दिलं, तर मी दोन्ही रोलच्या मागचे कागद वाचले, दोन्ही एकाच कंपनीचे आणि दोन्ही ओतलेलेच आहेत ना ते पाहिलं, बाहेर उजेडात धरून पाहिलं. "काहून गा, आज भलताच तपासून राहिला?" तो म्हणाला. मी रोल काखेत मारून निघालो. जुना पत्रा सोड्याने धुऊन, डिंकाचा शेवटचा चिकटपणा जाईपर्यंत घासून वाळवला. घाईघाईत ओल्या पत्र्यावर चिकटवायचा माझा जुना रोग आहे.

नवा बोर्ड चढला तेव्हा ताईंनी स्टुलावर उभं राहून नखाने कोपरा खरवडून पाहिला. मी खाली उभा राहून पोळी आणि धिरड्याची गोष्ट सांगत होतो: लाटलेली पोळी तव्यावर आकसते, ओतलेलं धिरडं पसरलं तिथेच राहते.

"मंग हेच फोनवर बोलले असते तर?" त्या वरूनच म्हणाल्या. "धिरडं टाकू का विचारलं असतं, तर मी हो म्हटलं असतं ना."

मी स्टूल घट्ट धरून ठेवलं.

पुढच्या गल्लीत गेलेली पोरं काही परत आली नाहीत. ती कधी गल्लीत दिसली की मी चष्मा पुसायला काढतो. ॲडमिशनचे थोडेच दिवस उरले होते, आणि मी कामधंदा सोडून रोज दुपारी मेससमोरून एक चक्कर मारायचो, बोर्ड पाहायच्या बहाण्याने. एकदा तर ताई म्हणाल्या, "आता आलेच आहात तर कांदे निवडा." मी आत बसून कांदे निवडत होतो, तेव्हा ओट्यावरचा फोन वाजला.

"हात कणकेत आहेत, भाऊ. तुम्हीच उचला."

उचलला. "मेसमध्ये जागा आहे का?" एका मुलाचा आवाज. खिडकीतून पाहिलं, तर बॅगा घेतलेली दोन पोरं रस्त्यापलीकडे उभी होती, एक बोर्डाकडे बोट करत होता आणि दुसरा माझ्याशी बोलत होता.

"आहे," मी म्हटलं. "या."

आणखी काही विचारलं नाही.